पंडितभाऊंचं दुसरं नाक

नाकात बोलणारी माणसं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. आज एक नाकच बोलतंय, तेवढं ऐकून घ्या.

दिसायला मी नाकासारखा नाही. तळहातावर मावेल एवढी पिवळी डबी, पाठीला चिमटा, समोर आकडे दाखवणारी काच आणि काचेखाली साबुदाण्याएवढं छिद्र. छिद्रावर पातळ पांढरा पडदा, पडद्यामागे थोडंसं आम्ल. एवढाच माझा संसार. कंपनीतली माणसं मला सेन्सर म्हणतात, गावातली माणसं डबी म्हणतात, आणि एक गृहस्थ बरेच दिवस मला खोकं म्हणत होते. त्यांच्याबद्दलच सांगायचंय, पण आधी माझं काम समजून घ्या.

उपग्रह वर गेला की त्याला इकडेतिकडे वळायला थोडं इंधन लागतं. अशा एका इंधनाचं नाव हायड्राझिन. दिसायला अगदी पाणी, पण पाण्याचा एकही गुण त्याच्यात नाही. त्याची वाफ डोळ्यांत, नाकात, छातीत गेली की माणूस कामातून गेलाच म्हणून समजा. त्याला वास असतो, शिळ्या मासळीसारखा. गंमत अशी की तुमच्या नाकाला तो वास येतो, तेव्हा वाफ मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते. तुमचं नाक म्हणजे चोर घर साफ करून गेल्यावर भुंकणारं कुत्रं. म्हणून त्याच्या आधी भुंकायला मला जन्माला घातलं.

जन्म परदेशातला. आता तुम्ही लगेच सरसावून बसलात, मला माहीत आहे. कंपनीतही तेच झालं. खोकं उघडल्यावर सगळ्यांनी मला हातात घेऊन पाहिलं, 'इम्पोर्टेड आहे' असं एकमेकांना सांगितलं, आणि काचेवरची पातळ फिल्म काढायची नाही असं एकमतानं ठरलं. नवं राहावं म्हणून. ती फिल्म आजही माझ्या अंगावर आहे. कडा काळ्या झाल्यात, मधे बुडबुडे आलेत, आकडे नीट दिसत नाहीत, पण मी नवा आहे.

तर कंपनी म्हणजे काय, तर जळगावच्या सोहनलालशेठचं पारोळ्याजवळचं तुरीचं गोदाम. शेठची जळगावात डाळमिल. नातू रोनक बाहेर शिकायला गेला आणि परत आला तो अवकाश डोक्यात घेऊन. आजोबांना त्यानं सांगितलं, डाळ सगळेच विकतात, आपण छोट्या उपग्रहांच्या टाक्या भरून देऊ. शेठनं दोन दिवस विचार केला आणि एवढंच विचारलं, की माल गळण्याची भीती कितपत? रोनक म्हणाला, तेवढी एकच भीती आहे. शेठ म्हणाले, मग तुरीसारखंच आहे, कर.

गोदामाला पांढरा रंग लागला, आत भरणखोली झाली, दारावर 'स्पेस' हा शब्द असलेली पाटी आली. आसपासच्या गावांत बोलवा उठली की एक दिवस पत्रा फोडून रॉकेट उडणार. शेजारच्या शेतातल्या चुडामणआबांनी तर येऊन विचारलं, की उडवायचंच असेल तर कपाशी वेचून झाल्यावर उडवाल का.

मला जिच्या हवाली केलं ती सारिका. धुळ्याला केमिकलचा डिप्लोमा केलेली, गाव पारोळ्याच्या अलीकडे. टाकी भरायचं काम तिचं. नखशिखांत बंद पोशाख, पाठीमागून हवेची नळी, तोंडावर मुखवटा, असं सोंग चढवून ती आत जायची. भरणं झालं, नळ्या सोडवल्या, की मला हातात धरून खोलीभर फिरवायची. टाकीखाली, सांध्यापाशी, कोपऱ्यात. मी शून्य दाखवलं की मुखवटा काढायचा, हा नियम. आता पाहा, केवढी मोठी माणसं, केवढी यंत्रं, आणि सगळ्यांचा श्वास माझ्या एका शून्यावर टांगलेला.

त्या शून्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. माझ्या शून्याचे अर्थ दोन. एक, हवा स्वच्छ आहे. दुसरा, मीच मेलोय. दोन्ही वेळा काचेवर आकडा तोच असतो. म्हणून रोज वापरण्याआधी मला थोडी चाचणीची वाफ हुंगवायची असते. मी ओरडलो तर जिवंत. सारिका हे न चुकता करायची. बाकीच्यांना शून्य दिसलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटल्यावर कोण कशाला पुढे विचारतं?

आता ते गृहस्थ. पंडितभाऊ, सारिकाचे वडील. सोहनलालशेठच्या डाळमिलमध्ये उभं आयुष्य गेलेलं. पोत्यात नाक खुपसून डाळीला ओल लागली की नाही हे सांगणारा माणूस म्हणून जळगावच्या बाजारात त्यांचं नाव. लग्नकार्यात आचारी तेलाचा डबा फोडला की आधी त्यांच्या नाकाखाली धरायचे. पंचक्रोशीत कुणाचं तूप भेसळीचं, कुणाचं खरबूज उद्या पिकेल, कुणाच्या घरी आज वरणाला हिंग जास्त पडला, सगळा निकाल त्या नाकाकडे. नाक तरी कसं, तर धारदार, लांब आणि जरा वरच्या अंगाला वळलेलं, म्हणजे कुणाशीही बोलताना नाक मुरडल्यासारखंच दिसायचं. विश्वासाचा माणूस म्हणून रोनकनं त्यांना भरणखोलीच्या दाराशी नेमलं. एक जण आत, एक जण दाराशी, असाही नियम आहे. दाराशी पाण्याचा नळ, एक जादा मुखवटा आणि पंडितभाऊ.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, स्वतःच्या नाकाशी नेऊन हुंगलं, आणि लेकीला परत देत म्हणाले, "या खोकाले काय समजस? मनं नाक देवनं देयेल शे."

देवानं दिलेल्या नाकाशी परदेशातून आलेल्या नाकाचं वैर तिथूनच सुरू झालं. मी काय बोलणार? मला दोनच गोष्टी येतात, गप्प बसणं आणि किंचाळणं.

उन्हाळ्यात माझी चांगलीच शोभा झाली. सारिका मला चुकून कॉलरला तसाच लावून घरी घेऊन आली. घरी तिच्या आईनं, झुंबरबाईंनी, कुरडयांचा घाट घातलेला. गहू तीन दिवस भिजवलेले, आंबवलेले, वाटून चीक काढलेला, गल्लीतल्या बायका गोळा झालेल्या. सारिका पातेल्यात डोकावायला वाकली आणि मी जो टाहो फोडला, तो अख्ख्या गल्लीनं ऐकला. आंबलेल्या गव्हातून जे काही सुटत होतं, ते माझ्या पडद्याला हायड्राझिनच्या कुळातलं वाटलं. चूक झाली, मान्य आहे. पण चीक हुंगायला मला कुणी शिकवलं होतं का? बायका पदर सावरत अंगणात पळाल्या. एक आजी तर चप्पल विसरून मारुतीच्या पारापर्यंत गेली.

पंडितभाऊ खाटेवरून निवांत उठले, पातेल्यावर नाक नेलं, डोळे मिटले आणि निकाल दिला. "चीक आंबना शे. दुसरं काय नही."

त्यानंतर महिनाभर गावात माझा विषय होता. कुणाच्या घरी दूध नासलं तरी म्हणायचे, सारिकाच्या डबीला विचारा. पंडितभाऊंचं नाक त्या दिवसांत आणखी थोडं वर वळलं. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

मग पावसाळा आला आणि माझा दिवस आला. इंधनाचं पिंप ठेवायच्या खोलीत सारिका मला घेऊन गेली, वडील सोबत होते. पिंपाच्या तोंडाशी नेताच माझा आकडा हलला. थोडासाच हलला, पण मी ओरडलो. पंडितभाऊ पुढे झाले, लांबूनच हुंगलं आणि हात झटकून म्हणाले की काही नाही, हे खोकं पुन्हा चीक हुंगतंय. सारिकानं वडिलांना बाहेर काढलं, स्वतः पोशाख चढवला आणि आत जाऊन झाकणाचा एकेक बोल्ट पाहिला. एका बोल्टाखाली ओल होती. थेंबसुद्धा नाही, नुसती ओल.

बाहेर आल्यावर तिनं वडिलांना कट्ट्यावर बसवून सगळं समजावलं. त्यांचं नाक कितीही धारदार असलं तरी या वाफेपुढे ते उशिराच जागं होणार, हे तिनं दोनदा सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "आबा, इथं कधी मासळीचा वास आला ना, तर विचार करत थांबू नका. पळायचं. बाहेर पळायचं."

पंडितभाऊ बराच वेळ आपलं नाक चोळत बसले. ज्या नाकावर कधी माशी बसू दिली नाही, ते एका डबीपुढे खाली आलं. मला, खरं सांगतो, फार आनंद झाला. त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि शेल्फवर कडेला नव्हे, मधोमध ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते मला खोकं म्हणेनासे झाले. मशीन म्हणू लागले. पोरीला काही होऊ देणार नाही असं मशीन, असं चहाच्या टपरीवर सांगू लागले. मी जिंकलो होतो. इथंच माझं घोडं पेंड खायला लागलं, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिली खरी टाकी भरायची तारीख ठरली. म्हणजे रोनकनं एक तारीख ठरवली आणि सोहनलालशेठनं ती रद्द करून दसरा ठरवला. नव्या धंद्याचा पहिला माल दसऱ्याला नाही तर कधी निघणार? खोलीच्या भिंतीवर बसवायचा माझा मोठा भाऊ अजून कस्टममध्ये अडकलेला होता. पण मुहूर्त काही कस्टममध्ये अडकत नाही. लहान सेन्सर आहे ना, मग झालं, असं म्हणून मलाच एकट्याला उभं केलं.

दसरा म्हटला की यंत्रपूजा आली. रोनक मुलगा सुरक्षेच्या बाबतीत कडक, हे कबूल केलं पाहिजे. त्यानं आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं, इंधनाची जागा आहे, दिवा लावायचा नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडू, एवढ्यावरच पूजा. इतकी सुरक्षित पूजा साऱ्या खानदेशात कुठे झाली नसेल.

सकाळी सारिकानं नेहमीप्रमाणे मला चाचणीची वाफ हुंगवली. मी दणक्यात ओरडलो. तिनं मला टेबलावर ठेवलं आणि पोशाख चढवायला गेली. टेबलावर सगळी मंडळी ओळीनं मांडलेली होती, नटबोल्टचे पाने, वजनकाटा, नळ्या, झडपा आणि शेवटी मी. शेठ पांढऱ्या झब्ब्यात खुर्चीवर बसलेले. पूजेचा मान त्यांनी पंडितभाऊंना दिला, जुना माणूस म्हणून.

पंडितभाऊंनी वाटीत कुंकू कालवलं. घट्ट कालवलं, टिळा लवकर पडू नये म्हणून. पान्याला टिळा लावला, काट्याला लावला, झडपांना लावला, आणि माझ्यापाशी येऊन थांबले. मला दोन्ही हातांत घेतलं. माझी माफी मागायची राहिली होती ना त्यांची! इतके दिवस मला खोकं म्हटलं, त्याची सगळी भरपाई त्यांना त्या एका टिळ्यात करायची होती. मोठं बोट वाटीत बुडवलं, मधोमध जागा शोधली, आणि सगळ्यांत मोठा, गोल, गलेलठ्ठ टिळा माझ्या छिद्रावर ठेवला. वर अक्षता ठेवून अंगठ्यानं दाबल्या. चांगल्या दाबल्या. मग हात जोडले आणि हळूच म्हणाले, "मनी पोरले सांभाळजो."

सांभाळायला नाक मोकळं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? मी आतून ओरडायचा प्रयत्न केला, पण मला ओरडायला वाफ लागते आणि वाफ यायचा रस्ता त्यांनी कुंकवानं लिंपला होता. त्यांनी जोवर माझ्यावर अविश्वास दाखवला, तोवर मी ठणठणीत होतो. विश्वास बसला आणि माझा श्वास बंद झाला.

सारिका मुखवटा चढवून आली. काचेआडून तिनं मला पाहिलं. फुलं, टिळा, अक्षता लेवून मी नवरदेवासारखा सजलेला. काचेवर हिरवा दिवा आणि शून्य. ती बहुधा हसली, मुखवट्यात नीट दिसलं नाही. तिनं मला उचललं आणि आत गेली. चाचणी तर तिनं स्वतःच केली होती, आणि तेव्हा मी ओरडलो होतो. नियमात कुठंच खोट नव्हती. चाचणी आणि काम यांच्यामध्ये पूजा येऊन बसेल, हे नियम लिहिणाऱ्या परदेशातल्या माणसाच्या डोक्यात कसं यावं?

टाकी भरली. काचेपलीकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेठनी रोनकची पाठ थोपटली. सारिकानं नळी सोडवली, आणि सोडवताना सांध्यातली चकती फिरली. टाकीखालच्या पत्र्यावर इंधन सांडलं. पाण्यासारखं दिसणारं, पाण्यासारखंच चमकणारं. पोशाखातल्या तिला ते खाली दिसलं नाही. तिनं मला टाकीभोवती फिरवलं, खाली नेलं, नकळत अगदी त्या ओलीवर धरलं. माझ्या काचेवर शून्य होतं. मी मेल्याचं शून्य, आणि ती पोर त्याला स्वच्छ हवेचं समजत होती. मला ते पुसता येत नव्हतं हो. माझ्या सगळ्या आयुष्यात मला स्वतःची एवढी शिसारी कधी आली नाही.

तिनं दाराकडे अंगठा वर केला आणि मुखवट्याचा पट्टा सोडला. दाराशी पंडितभाऊंनी कडी काढली, दार जरासं उघडलं, आणि थबकले.

मासळी.

माळकरी माणूस, घरात कधी मासळी शिजली नाही. पण ते नाक डाळमिलवालं नाक होतं, त्याला चुकायची सवय नव्हती. लेकीनं बजावलेलं त्यांना आठवलं असणारच, कारण ते पळाले. फक्त बाहेर पळायचं होतं आणि ते आत पळाले. जादा मुखवटा दाराशी खुंटीला टांगलेला होता, तो तिथंच राहिला.

"तोंड झाक!" एवढंच ओरडले आणि तिच्या तोंडावर तिचा मुखवटा दोन्ही हातांनी दाबून धरला. तशीच तिला दाराकडे ओढू लागले. हवेची नळी टाकीच्या पायाला अडकली. ती सोडवायला एक हात मोकळा केला, दुसरा तिच्या तोंडावर तसाच. वाकून नळी सोडवली, तिथंच खाली, जिथं ओल होती. त्या सगळ्या वेळात श्वास ते स्वतःच्या नाकानं घेत होते, देवानं दिलेल्या. तिला बाहेर ढकललं, तेव्हा मी तिच्या मुठीत होतो, त्यांच्या डोळ्यांसमोर, टिळ्यासकट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नळाखाली कोसळले.

धुळ्याच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. सारिकाला थोडा खोकला आला, डोळे चुरचुरले, बाकी काही नाही. पंडितभाऊंची छाती हळूहळू सावरली. पहिल्या दिवशी सारिका दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसली होती आणि मी तिच्या पर्समध्ये होतो. तिनं मला बाहेर काढलं. माझ्या छिद्रात कुंकू वाळून बसलं होतं, त्यात तांदळाचा एक दाणा रुतलेला. ती बघत राहिली. तिला सगळं कळलं. कुणाचं बोट एवढं मोठं आहे, ते तिला लहानपणापासून माहीत होतं.

तिनं ओढणीचं टोक ओलं केलं आणि मला पुसायला लागली. दाणा नखानं काढला. लाल पाणी तिच्या हातावरून ओघळत होतं आणि ती रडत होती. मी कोरडा झालो तशी आत गेली.

वडिलांनी विचारलं, "मशीन कसं काय बोलनं नही?"

"आबा, त्याना सेल खराब व्हई जायेल व्हता," ती म्हणाली.

पंडितभाऊ बरं म्हणाले आणि कूस वळले.

मग चौकशी झाली. दोन साहेब आले, त्यांनी मला उघडलं, पडदा पाहिला, आम्ल पाहिलं, एकमेकांकडे गंभीरपणे पाहिलं आणि 'उपकरणातील अंतर्गत दोष' असं ठरवून चहा घेऊन गेले. अंतर्गत! माझ्या अंतर्यामी काय दोष होता, ते मी त्या साहेबांना सांगू शकलो असतो तर त्यांचा चहा थंड झाला असता. पण त्या पोरीसाठी मी दोष अंगावर घेतला. तशीही मला दुसरी वाट नव्हती, पण घेतला म्हणायला काय जातं. सारिकानं मात्र त्यांच्याकडून एक नवा नियम घालून घेतला, की पूजेच्या आणि साफसफाईच्या वेळी सगळे सेन्सर बंद पेटीत राहतील आणि भरणखोलीत पाऊल टाकण्याच्या क्षणी दाराशीच चाचणी होईल. रोनकनं काही न विचारता होकार दिला. तो कडक आहे, पण मठ्ठ नाही.

मी भंगारात निघालो. सारिका मला घरी घेऊन आली.

पंडितभाऊ घरी आले, चालू लागले, जेवू लागले. फक्त एक झालं. झुंबरबाईंनी शेवभाजीला फोडणी दिली, घरभर ठसका उठला, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे ताटावर बसून विचारतात की भाजी झाली का. झुंबरबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. नाक गेलं होतं. हिंगाचा नाही, तुपाचा नाही, मातीचा नाही, कशाकशाचा वास नाही. डॉक्टर म्हणाले, कदाचित परत येईल, कदाचित नाही. कुणी तेलाचा डबा घेऊन आलं तर पंडितभाऊ आता सर्दी झालीय म्हणून सांगायचे. वर्षभर सर्दी.

मी ज्याच्यावर इतका जळत होतो, ते नाक असं संपलं. मी जिंकलो असं कुणी म्हणालं नाही, आणि मलाही तसं वाटलं नाही.

पुन्हा उन्हाळा आला. झुंबरबाईंनी पुन्हा गहू भिजवले. तिसऱ्या दिवशी बायका जमल्या आणि सवयीनं सगळ्यांनी पंडितभाऊंकडे पाहिलं, की चीक आंबला का, बघा. ते उठले, पातेल्यापर्यंत गेले, वाकले आणि तसेच राहिले. मग आत जाऊन त्यांनी मला आणलं. माझा पडदा अर्धाच मोकळा झालेला, आकडे भलतेच यायचे, पण ओरडण्यापुरता जीव होता. त्यांनी मला पातेल्यावर धरलं.

मी ओरडलो. सगळा जीव एकवटून ओरडलो.

या वेळी कुणी पळालं नाही. पंडितभाऊ म्हणाले, "आंबना," आणि हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. कुरडया त्या वर्षी पांढऱ्याशुभ्र झाल्या. तेव्हापासून नासलेलं दूध, शिळं वरण, कुबट पीठ, काय काय माझ्यासमोर येतं. उपग्रहासाठी जन्मलेलं हे नाक आता झुंबरबाईंच्या फडताळावर हळदीच्या डब्याशेजारी बसतं.

परवा दसरा झाला. कंपनीत सारिकानं माझ्या नव्या भावंडांना पेटीत घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, मग पूजा होऊ दिली. घरी पंडितभाऊंनी विळा, कोयता, शिलाई मशीन असं मांडलं आणि फडताळावरून मला काढलं. सारिका उंबऱ्यात उभी होती, त्यांना ते माहीत नव्हतं.

त्यांनी कुंकू कालवलं. मला हातात घेतलं, फुंकर मारून माझं छिद्र साफ केलं, आणि मला पालथं ठेवलं. पाठीवर, चिमट्याच्या वरच्या अंगाला, करंगळीनं एक लहानसा टिळा लावला. अक्षता लावल्या नाहीत.

"तुनं नाक मोकळं ऱ्हाऊ दे, भाऊ," ते मला म्हणाले. "मागला दसराले मनाच हात व्हता. माले तवयच समजनं व्हतं. पण पोरनी सेल म्हणी सांगं, म्हणी मी बी सेलच म्हणनू."

सारिका उंबऱ्यातून हलली नाही. मग आली, वडिलांशेजारी बसली आणि त्यांच्या वाटीतल्या कुंकवात बोट बुडवून विळ्याला टिळा लावू लागली. एक वर्ष दोघांनी एकमेकांसाठी माझ्या माथी खोटं मारलं होतं, आणि मी ते सांभाळलं. पोरीला सांभाळजो म्हणाले होते ना.

आता माझ्या पोटातलं आम्ल सुकत आलंय. आमच्या जातीला आयुष्य दोनच वर्षांचं, त्यात हा खानदेशी उन्हाळा दोनदा काढला, म्हणजे फार झालं. जाता जाता एकच मागणं आहे. पूजा करा, मला तिचा राग नाही. फक्त जे नाक तुमच्यासाठी हुंगतं, त्याला आधी विचारा, तुला श्वास घेता येतोय ना? आणि नुसत्या शून्यावर कधी मुखवटा काढू नका.

आज सकाळी झुंबरबाईंनी मला नासलेल्या दुधावर धरलं. काचेवर, त्या न काढलेल्या फिल्मखाली, शून्य आहे. त्या म्हणाल्या, दूध चांगलं दिसतंय. पंडितभाऊंनी मला त्यांच्या हातातून घेतलं, कानाशी नेलं, हलवलं आणि दूध मोरीत ओतून दिलं.